हिमालयाआधी सिंहगड किती वेळा?

दर पावसाळ्यात रहाटणी-काळेवाडी-पिंपळे सौदागरच्या पट्ट्यातून नवे ट्रेकर तयार होतात. रविवारी पहाटे कोकणे चौकात मिनीबस भरते, रात्री चिखलाने माखलेले बूट घेऊन परत येते, आणि दिवाळी उलटेपर्यंत त्यातल्या दोन-चार जणांच्या डोक्यात हिमालय शिरलेला असतो. साधा ट्रेकही नाही, थेट शिखर. मग विचारणा सुरू होते: त्याआधी इथले कुठले किल्ले करू? उत्तरादाखल मिळते ती बहुधा नावांची यादी. हरिहर, कलावंतीण, लिंगाणा, अलंग-मदन-कुलंग. यादी ऐकायला भारी आहे, पण शिखराच्या तयारीसाठी तिच्यातलं बरंचसं गैरलागू आहे. सुट्टीच्या दिवशी हरिहरच्या पायऱ्यांवर माणूस चढतो कमी आणि रांगेत उभा जास्त राहतो. लिंगाण्यावर दोराची सवय होते, दरीची भीती मोडते, तेही कधीतरी हवंच. पण पाच-सहा तास एका लयीत चढत राहायची ताकद तिथे येत नाही.

सरावाचा डोंगर निवडायचा तो तुमच्या शिखराचा शेवटचा दिवस तुमच्याकडून काय मागणार आहे, हे पाहून. म्हणून आधी तो दिवस कागदावर मांडा. आफ्रिकेतल्या किलीमांजारोचं उदाहरण घेऊ. दोर आणि आइस-ॲक्सची गरज नाही, त्यामुळे आपल्याकडच्या नवख्यांचा तिकडे बराच ओढा असतो. बाराफू हा शेवटचा कॅम्प ४६७३ मीटरवर, माथा ५८९५ मीटरवर. मधला चढ १२२२ मीटरचा. मध्यरात्री कडाक्याच्या थंडीत हेडटॉर्च लावून निघायचं, घसाऱ्यावरून वळणं घेत सहा-सात तास चढायचं, आणि माथ्यावर फोटो काढून झाले की त्याच दिवशी ३१०० मीटरच्या आसपासच्या कॅम्पपर्यंत उतरायचं. म्हणजे जवळजवळ २८०० मीटरचा उतार. लडाखमध्ये स्टोक कांगरी २०२० पासून चढाईसाठी बंद झालं, तेव्हापासून सहा हजारी शिखराची हौस असलेले लोक ६२५० मीटरच्या कांग यात्से-२ कडे वळतात. तिथेही बेसकॅम्पपासून माथ्यापर्यंतचा चढ साधारण बाराशे मीटरचाच, वर बर्फ आणि बुटांना क्रॅम्पॉन.

आता आपल्या घराजवळ या. आतकरवाडीतून पायवाटेने सिंहगड चढलात तर चढ होतो सुमारे ६०० मीटर. किलीमांजारोच्या शेवटच्या रात्रीचा चढ म्हणजे लागोपाठ दोन सिंहगड, तेही हवेत प्राणवायू निम्म्याच्या आसपास असताना. अख्ख्या तयारीचं गणित याच मापाने मांडता येतं. म्हणून मी म्हणेन, रहाटणीत राहणाऱ्या माणसाने दर रविवारी नवा किल्ला शोधत हिंडू नये. दोन-तीन डोंगर पक्के धरावेत आणि तेच पुन्हा पुन्हा चढावेत. कंटाळा येतो, मान्य. पण गेल्या महिन्यात याच वळणावर किती धाप लागली होती आणि आज किती लागली, हे त्याच डोंगरावर कळतं. दर वेळी नव्या किल्ल्यावर गेलं की फक्त फोटो बदलतात.

सुरुवात सिंहगडानेही करायची गरज नाही. निगडीची दुर्गा टेकडी चालण्याची सवय लावण्यापुरती ठीक आहे, पुढे ती कमी पडते. त्यापेक्षा घोराडेश्वर बरा. जुन्या मुंबई महामार्गालगत, लोकलने गेलात तर बेगडेवाडी स्टेशनवरून जवळ. पायऱ्या चढून लेण्यांपर्यंत जाता येतं आणि तिथून वाट माथ्याकडे जाते. चाकणला नोकरी असेल तर भामचंद्र डोंगर हाताशी आहे; शिंदे-वासुलीच्या बाजूला कारखान्यांच्या शेडांमागेच तो उभा आहे. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर हिवाळ्यातही अंधाराआधी चढून उतरता येतो. इंदुरीजवळचा भंडारा तिसरा. तुकोबांच्या एकांताचे म्हणून सांगितले जाणारे हे तीनही डोंगर आज औद्योगिक पट्ट्याच्या कुशीत आले आहेत, आणि सरावाला ते छान आहेत. फक्त तिथे भाविक येतात याचं भान ठेवा. मोबाइलवर गाणी लावून, शर्ट काढून पायऱ्यांवर पळापळ करायची ती जागा नव्हे.

पहिले सहा आठवडे या छोट्या डोंगरांवर आठवड्यातून दोनदा जा. पाठीवर ओझं नको. वेग एवढाच ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं. वाक्य तुटायला लागलं की चाल मंद करा, थांबू मात्र नका. धावत वीस पावलं जायचं, कठड्याला टेकून हाश्हुश् करायचं, पुन्हा धावायचं, ही आपल्या नवख्यांची सर्रास चाल आहे आणि उंचावर तीच सगळ्यात महागात पडते. तिथले वाटाडे लोक किती संथ चालतात ते पाहिलंत तर आधी हसू येतं, तिसऱ्या दिवशी त्यातलं शहाणपण कळतं.

मग लोहगड-विसापूर. काळेवाडीच्या पुलावरून पिंपरी किंवा चिंचवड स्टेशन गाठा, सकाळच्या लोणावळा लोकलने मळवलीला उतरा, भाजे गावातून चढा. एकटा लोहगड म्हणजे पायऱ्यांची सहल. त्यावर समाधान मानू नका. लोहगड उतरून गायमुख खिंडीत या आणि तसंच विसापूर चढा. पहिला डोंगर उतरून पाय जड झालेले असताना दुसरा चढायला घेणं, हा या जोडगडाचा खरा फायदा. एकूण चढ सहाशे-सातशे मीटरच्या घरात जातो आणि स्टेशन ते स्टेशन दिवस भरतो. विसापूरची ओढ्यातली दगडी पायऱ्यांची वाट पावसाळ्यात धबधबा होते. फोटोला सुंदर, घोट्याला वाईट.

आता सिंहगड. पुण्याचे गिर्यारोहक वर्षानुवर्षं इथे घाम गाळत आले आहेत ते उगीच नाही. वाट ठळक आहे, चढ सलग आहे, पायथ्यापासून माथ्यापर्यंत मध्ये मोठा उतार नाही, आणि काही बिनसलं तर दुसऱ्या बाजूने गाडीरस्ता आहे. आपल्याला वाकडहून बायपासने वारजे आणि पुढे खडकवासल्याच्या रस्त्याला लागता येतं. पहाटे साडेपाचला पायथ्याशी पोहोचलात तर गाड्यांची गर्दीही चुकते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला होता: पाच किलोमीटर चालीला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. सिंहगडची पायवाट एका बाजूने तीन किलोमीटरच्या आतबाहेर. म्हणजे चालीचा अर्धा-पाऊण तास आणि चढाचा एक. नवख्या माणसाला दीड ते दोन तास लागतात, गणित चुकत नाही. रोज येणारे साठीतले काका तुम्हाला पाऊण तासात मागे टाकून वर ताक पीत बसलेले दिसतील. त्यांच्याशी शर्यत लावू नका. त्यांची वीस-वीस वर्षांची बैठक आहे.

ओझं इथून सुरू करायचं, आणि ते पाण्याच्या बाटल्यांचं. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, वजनकाट्याची गरज नाही. सॅकमध्ये बाटल्या पाठीच्या बाजूला, उभ्या, मध्ये जुनी चादर कोंबून ठेवा, म्हणजे त्या हिंदकळत नाहीत. कमरेचा पट्टा आधी आवळायचा, खांद्याचे पट्टे नंतर; भार कमरेवर बसला पाहिजे. खांद्यात मुंग्या आल्या तर पट्टे चुकीचे आवळले आहेत, ताकद कमी आहे असं नाही. वर पोहोचलं की जास्तीचं पाणी एखाद्या झाडाच्या बुडाशी ओतायचं आणि हलक्या सॅकने उतरायचं. जुन्या लोकांची ही युक्ती गुडघे वाचवते. पाचावरून सात, सातावरून दहा, असं दोन-तीन आठवड्यांनी वाढवत न्या. साधारण आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत गेलात तर पुरे. पन्नास किलोच्या मुलीने ऐंशी किलोच्या मित्राएवढी सॅक उचलून दाखवायची काही गरज नसते.

पण बाटल्या रिकाम्या करायची युक्ती कायम वापरू नका. नवख्यांचा बोऱ्या वाजतो तो चढताना नाही, उतरताना. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार रोखून धरतात. त्यात बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना तोंडातून हाय निघते. याला उपाय म्हणजे उतरण्याचाच सराव. एकदा पुरेसा उतार पायांखालून गेला की पुढच्या वेळी तेच स्नायू कमी कुरकुर करतात. किलीमांजारोचा २८०० मीटरचा उतार आठवा. म्हणून दर तिसऱ्या-चौथ्या वेळी चार-पाच किलो तसेच ठेवून उतरा. पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, टाच आपटायची नाही. दोन काठ्या घ्यायला लाजू नका. काठी म्हातारपणाची खूण आहे असं समजणारे लोक दुसऱ्या मुक्कामावर गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून बसतात.

इथे शिफ्टचा विषय काढायलाच हवा, कारण या पट्ट्यातला वाचक बँकेच्या वेळेत जगत नाही. नाइट शिफ्ट संपवून सकाळी सातला थेट गडाकडे बाइक वळवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. गडावर कमी आणि परतीच्या रस्त्यावर जास्त धोका. नाइटच्या आठवड्यात डोंगर नको; झोप पूर्ण करा आणि सोसायटीचा जिना वापरा. एक मजला साधारण तीन मीटर धरा. बारा मजली इमारतीत एक फेरी ३६ मीटरची, म्हणजे सतरा फेऱ्यांत एक सिंहगड. वॉचमन पहिल्या दिवशी लिफ्ट बिघडली का म्हणून विचारतो, आठवडाभराने विचारायचा थांबतो. भोसरी-पिंपरीतल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. घरच्यांच्या रविवारशी जुळत नाही म्हणून आपण तिला नावं ठेवतो, पण ट्रेकिंगसाठी ती वरदान आहे. गुरुवारी सिंहगड मोकळा असतो, लोहगडवाडीत पार्किंगवरून भांडणं नसतात.

तीन-चार महिने हे नेमाने झालं की लांब पल्ल्याकडे वळा. कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक पुणेकरांनी इतका केला आहे की त्याची टिंगलही होते, पण तयारी म्हणून तो फार उपयोगी आहे. जुन्या बोगद्यापासून निघून डझनभर टेकड्या ओलांडत जायचं: चढ, उतार, पुन्हा चढ, आणि सगळं अंधारात. शिखराची रात्र अशीच असते. झोपेच्या वेळी चालायचं, हेडटॉर्चच्या गोल उजेडात पाऊल टाकायचं, भूक नसताना खायचं, पहाटे तीनला येणारी निराशा ओळखायची, हे सगळं इथे स्वस्तात शिकता येतं. वाट माहीत असलेला माणूस बरोबर हवा. मधल्या टेकड्यांवर पाणी मिळत नाही, ते घरून न्यावं लागतं.

त्यानंतर राजगड-तोरणा, आणि माझ्या मते शिखराच्या तयारीसाठी पुणे जिल्ह्यात याहून चांगली जोडी नाही. गुंजवण्यातून राजगड चढा, संजीवनी माचीवरच्या अळू दरवाजातून बाहेर पडा आणि डोंगराच्या धारेवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे चालू लागा. तोरणा १४०३ मीटरचा. धार लांब आहे, ऊन लागतं, शेवटी तोरण्याचा चढ अंगावर येतो, आणि वेल्ह्याचा उतार संपतासंपता पाय आपले राहत नाहीत. तगडे लोक हे एका दिवसात करतात. तुम्ही दोन दिवसांत करा, पण सगळं सामान स्वतःच्या पाठीवर घेऊन. मुद्दा दुसऱ्या दिवसाचा आहे. पहिल्या दिवशी कुणीही चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आखडलेल्या पिंडऱ्या घेऊन पुन्हा सॅक चढवता येते का, ओले मोजे बदलायचा आळस येतो का, सोबत्यावर विनाकारण चिडचिड होते का, हे बघायचं. हिमालयात असे सात-आठ दिवस ओळीने असतात आणि शिखराची रात्र त्यांच्या शेवटी येते. गडावर मुक्कामाला परवानगी आहे की नाही ते निघण्याआधी विचारा. नसेल तर पायथ्याच्या गावात घरगुती सोय होते, पिठलं-भाकरीही मिळते.

खाण्याचं म्हणाल तर सरावातच पोटाला सवय लावा. दशम्या, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. दर पाऊण तासाला दोन घास, भूक असो नसो. महागडी एनर्जी जेल नंतर बघू. बुटांचंही तसंच. शिखरासाठी घेतलेला बूट राजगड-तोरण्यावर घालून झालेला असला पाहिजे. नवे कोरे बूट घेऊन विमानात बसणाऱ्याच्या टाचा दुसऱ्या मुक्कामापर्यंत सोलवटलेल्या असतात.

मोसमाचाही विचार करा. लडाखच्या शिखरांचा हंगाम जुलै-ऑगस्ट, म्हणजे आपल्याकडे धो-धो पाऊस असताना. त्यामुळे तयारी दिवाळीनंतर सुरू करावी: हिवाळाभर छोटे डोंगर, लोहगड-विसापूर आणि सिंहगड, फेब्रुवारी-मार्चमध्ये लांबचे ट्रेक. एप्रिल-मे मध्ये उन्हाचा कहर असतो, तेव्हा सिंहगड पहाटे पाचला चढून आठच्या आत खाली. जून लागला की निसरडं, दरडी, धुकं. वनखातंही धोका दिसला की वाटा बंद करतं. शिखर तोंडावर आलेलं असताना शेवाळलेल्या कातळावर घोटा मुरगळून घेण्यापेक्षा जिने चढलेले बरे. एक गोष्ट बारा महिने लागू: कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर आवाज, धूर, अत्तर काहीच नको. घोळक्याने किंचाळत सेल्फी काढणाऱ्यांमुळे इतरांना चावे बसल्याची उदाहरणं आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत.

आता कळसूबाई. बारीतून सिंहगडापेक्षा बराच जास्त चढ, शिड्या, वर देवीचं देऊळ. जरूर करा, दुसऱ्या दिवशी लगेच पाचनईकडून हरिश्चंद्रगड जोडा, म्हणजे सलग दोन दिवसांचा चांगला कस लागतो. पण ‘महाराष्ट्राचं एव्हरेस्ट’ म्हणून कळसूबाईने उंचीची सवय होते, हा समज आज सोडून द्या. कळसूबाई १६४६ मीटर. मनालीचा बाजार सुमारे २०५० मीटरवर आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकावर उभे असताना तुम्ही मनालीत सफरचंदं विकणाऱ्या माणसापेक्षा चारशे मीटर खाली असता. विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि तेवढी उंची महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत कुठेच नाही. इथे पाय तयार होतात, दम तयार होतो, मन तयार होतं. शरीर विरळ हवेशी जुळवून घेतं ते तिथेच, आणि त्याला दिवस लागतात. तोंडाला लावायचे ‘अल्टिट्यूड मास्क’ विकत मिळतात, त्यांनी श्वास घ्यायला त्रास होतो एवढंच. हवेतला दाब त्याने कमी होत नाही.

उलट, तयारी चांगली झालेल्या माणसालाच इथे जास्त जपावं लागतं. पाय तगडे म्हणून तो भराभर वर जातो आणि रात्री डोकं धरून बसतो. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची तीनशे ते पाचशे मीटरहून जास्त वाढू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, हा जगभर मानला जाणारा नियम आहे. लेहला विमानाने थेट ३५०० मीटरवर उतरलात तर पहिले दोन दिवस हॉटेल आणि बाजार एवढंच. डोकेदुखी, मळमळ, झोप न येणं ही सुरुवातीची लक्षणं. ती असताना आणखी वर चढायचं नाही. तोल जायला लागला, बोलणं बरळल्यासारखं झालं, बसल्या जागी धाप लागली किंवा फेसाळ कफ पडू लागला, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरवायचं. डायमॉक्ससारखी गोळी डॉक्टरला विचारून घ्यावी, विशेषतः सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर. मित्राच्या किटमधून उचलून नव्हे. चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल, तर पैसे भरण्याआधी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या. आयोजक मागतो तो मेडिकल फॉर्म ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता सही करून आणणं आपल्याकडे सर्रास चालतं. त्यात फसवणूक होते ती फक्त स्वतःची.

म्हणून हिमालयातला पहिला ट्रेक हाही सरावाचाच ट्रेक माना आणि तसाच निवडा. केदारकंठा ३८१० मीटर, हिवाळ्यात बर्फ. बर्फावर चालणं आणि तंबूतली थंडी कळायला पुरेसा. पुढच्या वर्षी हम्प्ता पाससारखी ४२०० मीटरच्या वरची खिंड. मग पाच हजारांपलीकडचा एखादा लांब ट्रेक, एव्हरेस्ट बेसकॅम्पसारखा, जिथे ५३६४ मीटरपर्यंत हळूहळू जाता येतं. त्यात शरीराचा कल कळला की मग सहा हजारी शिखर. आयोजकाचं पत्रक हातात आलं की निसर्गवर्णन सोडून द्या आणि प्रत्येक मुक्कामाची उंची एका खाली एक लिहा. दोन ओळींतला फरक सातशे-आठशे मीटर दिसला तर ते वेळापत्रक सुट्ट्या वाचवण्यासाठी बनवलं आहे, तुमच्यासाठी नाही. किलीमांजारोवरही कमी दिवसांचा मार्ग स्वस्त पडतो आणि त्याच मार्गावरून जास्त लोक माथा न गाठता परततात.

घाई कशाची, असं विचारावंसं वाटतं. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १८ मे १९९८ ला एव्हरेस्टवर पोहोचले, तेव्हापासून आपल्या भागातल्या पोरांना ते शिखर ‘आपल्यातलं’ वाटू लागलं. पण गिरिप्रेमी ही पुण्याची संस्था १९८२ मध्ये स्थापन झाली आणि उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली तिचे आठ गिर्यारोहक एव्हरेस्टवर गेले ते १९ मे २०१२ ला. मध्ये तीस वर्षं गेली. त्यानंतर २०१९ मध्ये त्यांचे दहाजण एकाच मोहिमेत कांचनजुंगावर पोहोचले. एवढ्या अनुभवी मंडळींनाही एकेक शिखर करत वर जावं लागलं. ‘एका वर्षात शून्य ते सहा हजार’ ही जाहिरातवाल्यांची भाषा आहे.

बर्फ आणि दोराचं शिखर खरोखर मनात असेल तर ट्रेक कितीही केले तरी कोर्स लागतोच. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, पहलगामची जवाहर संस्था. या सगळ्या सरकारी आहेत आणि मूलभूत अभ्यासक्रम जवळपास चार आठवड्यांचा असतो. प्रस्तरारोहण, हिमनदीवर चालणं, आइस-ॲक्सने घसरण थांबवणं, दोर बांधून चालणं हे तिथे हातात धरून शिकवतात. खाजगी कंपन्यांच्या तुलनेत शुल्क फार कमी, म्हणून जागा महिनोन्‌महिने आधी भरतात. कारखान्यात महिनाभराची रजा मिळवणं हे बर्फावर चढण्याहून अवघड, हे खरं. तरी वरिष्ठांशी वर्षभर आधी बोललात तर जमतं. शटडाऊनचा काळ जोडून घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्या कोर्सला जाणाऱ्याने सिंहगड दहा-बारा किलोवर थांबवू नये, थोडं पुढे न्यावं, कारण तिथे सॅक जड असते आणि ती उचलायला पोर्टर नसतो.

पैसे भरण्याआधी स्वतःची एक परीक्षा घ्या. आठ-दहा किलोची सॅक घेऊन पहाटे सिंहगड चढा, उतरा, पायथ्याशी चहा घ्या आणि लगेच पुन्हा चढा-उतरा. वेळ महत्त्वाची नाही. सात तास लागले तरी चालेल. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं कामावर जा. कँटीनचा जिना कठड्याला न धरता उतरता आला, तर पाय तयार आहेत. नाही आला तर आणखी सहा आठवडे द्या आणि पुन्हा परीक्षा घ्या. ही परीक्षा शिखराच्या किमान महिनाभर आधी व्हावी. शेवटच्या दोन आठवड्यांत काही मिळवायला जाऊ नका. एखादा घोराडेश्वर बिनओझ्याने, बाकी झोप. याच काळात सर्दी-तापाने घोळ होतो, तेव्हा गर्दीची लग्नं टाळता आली तर टाळा.

आणि रजेचा अर्ज लिहिताना वेळापत्रकात दाखवलेल्या दिवसांपेक्षा दोन दिवस जास्त मागा. हवामान बिघडलं किंवा कुणाला उंचीचा त्रास झाला तर हे दोन दिवस कॅम्पवर थांबायला लागतात. सोमवारी फर्स्ट शिफ्टला पंच करायचंच आहे अशा टांगत्या तलवारीखाली शिखराकडे निघालेला माणसांचा गट चुकीचे निर्णय घेतो. रजा शिल्लक असेल तर ‘आज नको, उद्या बघू’ म्हणता येतं.